खाऊच्या पैशांतून नाणेसंग्रह: पहिल्या वर्षात काय जमवावं, काय टाळावं

नाणी जमवायची हौस आली की बहुतेक मुलं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर दिसेल ते नाणं बरणीत टाकत जातात, नाहीतर मोबाइलवर 'हे नाणं असेल तर लखपती व्हाल' छापाचा व्हिडिओ बघून आजीच्या बटव्याची झडती घेतात. बरणी भरते, पण तिला संग्रह म्हणता येत नाही. लखपती तर कुणी होतच नाही, झालाच तर तो व्हिडिओ टाकणारा होतो.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्यामागे 'अभ्यास सोडून हे काय' म्हणत उभ्या असलेल्या आईबाबांसाठी हा लेख आहे. माझं एकच सांगणं आहे: हातातलं नाणं नीट वाचता येईपर्यंत विकत काहीही घेऊ नका. वाचायला शिकण्यासाठी लागणारी नाणी वाण्याच्या गल्ल्यात, एसटी कंडक्टरच्या थैलीत आणि घरच्या देव्हाऱ्याशेजारच्या डबीत पडलेली असतात.

सुरुवात एका नाण्यापासून

जुनं दोनाचं नाणं शोधा, भारताचा नकाशा असलेलं. १९९० ते २००४ या काळातलं हे नाणं आता बाजारात कमी दिसतं, पण कुणाच्या ना कुणाच्या चिल्लरीत सापडतंच. ते चिमटीत धरा. दोन्ही बाजूंवर बोटं टेकवायची नाहीत, फक्त कड पकडायची. खाली टेबलावर रुमाल पसरा, म्हणजे पडलं तरी खरचटणार नाही.

आता नखाने कडेवरच्या बाजू मोजा. अकरा भरतील. कितीतरी वर्षं हे नाणं वापरणाऱ्या मोठ्या माणसांना हा प्रश्न विचारून बघा, आठ किंवा दहा असंच उत्तर येईल. एका बाजूला अशोकस्तंभावरचे सिंह, त्याखाली 'सत्यमेव जयते'. दुसऱ्या बाजूला नकाशा, नकाशात फडकणारा झेंडा आणि भोवती 'राष्ट्रीय एकात्मता' ही अक्षरं. नकाशाखाली वर्ष. संग्राहक ज्यासाठी नाणं भिंगाखाली धरतो ती खूण या वर्षाच्या खाली असते.

ती नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगते. भारत सरकारच्या चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. वर्षाखाली शंकरपाळ्यासारखी चौकट असेल तर नाणं मुंबईचं. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टमध्ये आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू आहे. नोएडाची सर्वांत नवी, तिथे १९८८ पासून नाणी पडू लागली. म्हणून १९८८ च्या आधीच्या नाण्यावर नोएडाचा ठिपका दिसला तर तो बहुधा मळ असतो किंवा ओरखडा.

मध्येच वेगळी अक्षरं दिसली तर गोंधळू नका. देशातल्या टांकसाळींना मागणी पुरवता आली नाही तेव्हा सरकारने परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या काही रुपयांवर वर्षाखाली इंग्रजी 'एच' आहे, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे. २००० सालच्या काही पाच रुपयांवर 'एमएमडी' अशी बारीक अक्षरं आहेत, ती मॉस्कोची. असं नाणं सुट्ट्यात मिळणं ही नवख्या संग्राहकाची पहिली खरी दिवाळी. किंमत फार नसते, पण ते तुम्हाला दिसलं आणि शेजारच्याला दिसलं नाही, यातच मजा आहे.

आणखी एक तपासणी करा. नाणं वर-खाली कडेने धरून उभ्या अक्षाभोवती, म्हणजे पुस्तकाचं पान उलटतो तसं फिरवा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसली तर टांकसाळीतला ठसा फिरला होता. अशी नाणी वेगळी काढून ठेवा. छापाची चूक झालेली नाणी जमवणारे लोक वेगळेच असतात आणि ते चांगली अदलाबदल करतात. मात्र थोडंसं, म्हणजे घड्याळात पाच मिनिटं सरकल्याइतकं फिरलेलं असेल तर त्यात विशेष काही नाही.

लागणारं साहित्य

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार डोळ्याला लावतात तसलं. एक छोटा लोहचुंबक. शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा खिशातला वजनकाटा. हा मिळाला तर उत्तम, पण पहिल्या दिवशी अडून बसू नका. शंभर पानी वही. नाणी ठेवायला मधे पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, दोन इंच बाय दोन इंचाचे. हे पाकिटाने मिळतात आणि स्वस्त असतात. होल्डरला स्टेपलरची पिन मारली की ती पक्कडीने चपटी करायची, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे उठतात.

सुंदर दिसणारे मऊ प्लॅस्टिकचे खिसे असलेले अल्बम घेताना मात्र नाक वापरा. पान उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी जातीचं प्लॅस्टिक आहे. काही वर्षांत त्यातून चिकट, हिरवट थर सुटतो आणि नाण्यावर बसतो. दुकानदाराला सरळ विचारा, 'पीव्हीसी नसलेलं आहे का?' त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरं दुकान बघा.

पहिला संच: १४० रुपयांत चौदा नाणी

सुरुवातीला व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयामागे धावू नका. माझ्या मते पहिला संच दहा रुपयांच्या दुरंगी नाण्यांचा असावा. बाहेरचं कडं पिवळं, मधला भाग पांढरा. ही नाणी रोजच्या व्यवहारात आहेत, म्हणजे एका नाण्याला बरोबर दहा रुपये पडतात. कंटाळा आला तर तीच नाणी देऊन वडापाव खाता येतो. दुसऱ्या कुठल्याही छंदात गुंतवलेले पैसे इतक्या सहज परत मिळत नाहीत.

या नाण्यांची एक गंमत आहे. मध्यंतरी 'दहाचं हे नाणं खोटं, पंधरा रेघांचं नको, दहा रेघांचंच द्या' अशी अफवा पसरली आणि बरेच दुकानदार ती घेईनात. शेवटी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला की तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत आणि चालतात. अफवेने गाजलेली ही यादीच तुमचा पहिला संच.

चौदा अशी: विविधतेत एकता, दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान, होमी भाभा जन्मशताब्दी, रिझर्व्ह बँकेची पंचाहत्तरी, रुपयाचं नवं चिन्ह असलेलं साधं नाणं, संसदेची साठ वर्षं, वैष्णोदेवी, कॉयर बोर्ड, म्हणजे काथ्या मंडळाची साठ वर्षं, गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले त्याची शंभरी, डॉ. आंबेडकरांची सव्वाशेवी जयंती; आंतरराष्ट्रीय योग दिन; स्वामी चिन्मयानंद; तात्या टोपे; आणि राष्ट्रीय अभिलेखागाराची सव्वाशे वर्षं. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि २०११ पासून ते नाण्यांवर आलं. त्यामुळे या संचात चिन्ह नसलेली आणि असलेली अशी दोन्ही नाणी येतात.

साधं चिन्हाचं नाणं दहा मिनिटांत मिळेल. तात्या टोपे आणि कॉयर बोर्डासाठी बरीच वाट पाहावी लागेल. वाट बघतानाच डोळा तयार होतो. वाण्याला, रिक्षावाल्या काकांना, भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवा: 'दहाची नाणी असतील तर मला बघू द्या, बदल्यात नोट देतो.' चिल्लर मोजायला कंटाळलेला माणूस खुशीने देतो. बँकेत आईबाबांबरोबर जाऊन दहाच्या नाण्यांची पिशवी मागता येते. गर्दीच्या वेळी गेलात तर रोखपालाच्या कपाळावर आठ्या पडतील, म्हणून दुपारी जा. घरी आणून पिशवी पालथी करायची, हवी ती काढून बाकीची परत द्यायची.

एकाच प्रकारची दोन नाणी आली तर कमी झिजलेलं ठेवा. कुठे बघायचं? सिंहांच्या आयाळीकडे. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग आधी घासला जातो. आयाळीचे केस वेगवेगळे दिसत असतील तर नाणं चांगलं, गुळगुळीत गोळा झाला असेल तर बदलून घ्यायचं.

दुसरा संच: एक रुपयाचा प्रवास

हा माझा सगळ्यांत आवडता संच. यात फक्त एक रुपयाची नाणी घ्यायची, पण प्रत्येक आकाराचं एक. काट्यावर ठेवत जा आणि वहीत लिहीत जा.

ब्रिटिशकाळातला चांदीचा बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा झाला, त्याच्या मागे वाघ आहे. प्रजासत्ताकाचा पहिला रुपया १९५० सालचा, निकेलचाच, १० ग्रॅमचा, त्यावर धान्याची कणसं. १९७५ पासून तांबं-निकेलचा ८ ग्रॅमचा मोठा रुपया आला. १९८३ पासून ६ ग्रॅमचा. १९९२ पासून स्टीलचा, ४.८५ ग्रॅमचा. २०११ चा ३.७९ ग्रॅमचा, आणि २०१९ पासूनचा ३.०९ ग्रॅमचा. मधे २००७ च्या सुमारास मुद्रांची मालिका आली: रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं, पन्नास पैशांवर मूठ.

हे सगळे रुपये एका पानावर ओळीने लावले की महागाईवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. धातूची किंमत नाण्यावरच्या आकड्याच्या वर गेली की लोक नाणी वितळवायला लागतात, म्हणून सरकारला नाणं लहान किंवा स्वस्त धातूचं करावं लागतं. तसं नाणी वितळवणं हा गुन्हा आहे. २०११ च्या नाणे कायद्यात त्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

इथे चुंबक कामाला येतो. स्टीलचा रुपया चिकटतो, ६ आणि ८ ग्रॅमचे चिकटत नाहीत. चांदी कधीच चिकटत नाही. पण १९४७ आणि १९५० चे निकेलचे रुपये चिकटतात, त्यामुळे 'चिकटलं म्हणजे खोटं' असा सरसकट निष्कर्ष काढू नका. कुणी व्हिक्टोरियाचा 'चांदीचा' रुपया दाखवला आणि तो टपकन चुंबकाला बसला, तर मात्र तो लोखंडाचा आहे. नमस्कार करून पुढे चला.

चांदीचे रुपये या संचात शेवटी येऊ देत. त्यांची किंमत त्यातल्या चांदीच्या भावाखाली जात नाही, त्यामुळे खाऊच्या पैशांत बसत नाहीत. घरात लक्ष्मीपूजनाला मांडायचे एखाद-दोन रुपये असतील तर ते मागून घेऊ नका, फक्त वजन आणि फोटो घ्या, वहीत नोंद करा. आजीच्या माळेतली नाणी तर सोडूनच द्या. कडी डाखलेलं नाणं दागिना म्हणून मोलाचं असतं, संग्राहकाच्या बाजारात त्याला मान नसतो.

पैशांची दुनिया

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. आज शाळेत असलेल्या मुलांनी चाराणे कधी खर्चच केलेले नाहीत. ही नाणी घरोघरी पडून आहेत, आणि आकारांची इतकी धमाल पुन्हा कधी झाली नाही. एक पैसा चौकोनी. दोन पैसे आठ पाकळ्यांचे. तीन पैसे षटकोनी, ॲल्युमिनियमचे, फुंकर मारली तर उडतील असे. पाच पैसे पुन्हा चौकोनी, दहा पैसे पाकळ्यांचे, वीस पैसे षटकोनी. वीस पैशांचं त्याआधीचं एक पितळी नाणं आहे, त्यावर कमळ. हे १९६८ पासून थोडीच वर्षं निघालं. पंचवीस पैशांच्या स्टीलच्या नाण्यावर गेंडा.

यातली सर्वांत बोलकी नाणी 'नया पैसा' लिहिलेली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे असा हिशेब होता. लोकांना शंभराचा हिशेब कळावा म्हणून नाण्यावरच लिहून टाकलं. एका नया पैशावर हिंदीत 'रुपये का सौवाँ भाग' आहे, दहावर 'दसवाँ भाग', पंचवीसवर 'चौथा भाग'. नाणं स्वतःच गणित शिकवत होतं. १९६४ मध्ये 'नया' हा शब्द काढला. त्यामुळे नया पैसा आणि पैसा अशी जोडी शेजारी लावायची.

घरी कुणी साठी-सत्तरी ओलांडलेलं असेल तर पैशांची नाणी त्यांच्यासमोर पसरा आणि 'यात काय मिळायचं?' एवढंच विचारा. उत्तर वहीत त्या नाण्यासमोर लिहा. असली नोंद कुठल्याही किंमतसूचीत मिळणार नाही.

गोव्यातल्या मुलांना आणखी एक खजिना आहे. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज नाणी चालायची. आधी रुपिया आणि तांगा, शेवटच्या दोन-तीन वर्षांत एस्कुदो आणि सेंताव्हो. एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले, म्हणून तीन आणि सहा एस्कुदो, तीस आणि साठ सेंताव्हो अशी चमत्कारिक मूल्यं निघाली. जुन्या घरांच्या पेट्यांत ती अजून सापडतात.

पुसू नका

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितांबरी: नाण्याला यातलं काहीही लावायचं नाही. देवाची भांडी घासायची सवय असल्याने आपल्याकडे हा मोह फार. घासलेलं नाणं दोन दिवस लखलखतं, पण भिंगाखाली त्यावर हजार ओरखडे दिसतात आणि वरचा मूळ थर कायमचा गेलेला असतो. जाणकार माणूस ते एका नजरेत ओळखतो आणि किंमत निम्म्याहून खाली आणतो. चांदीवरचा काळसर रंग, तांब्यावरचा चॉकलेटी रंग हे नाण्याचं वय आहे. ते राहू द्या.

फारच चिखल किंवा तेलकटपणा असेल तर शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालायला मिळतं त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी काढून मऊ कापडावर ठेवून टिपा. टिपायचं, चोळायचं नाही. तांब्यावर हिरवी भुकटी येऊन ती पसरत असेल तर ते नाणं इतरांपासून वेगळं ठेवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा नाण्यांचा शत्रू. डबा घट्ट झाकणाचा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुड्याही सुरुवातीला चालतात. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत असतील तर डबा तिथे नको. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

वही

प्रत्येक नाण्याला एक ओळ. मूल्य, वर्ष, टांकसाळ, धातू, वजन, कुठून मिळालं, कधी, किती पैसे दिले, कसं आहे. उदाहरणार्थ: '१ रुपया, २०००, नोएडा (ठिपका), स्टील, ४.८२ ग्रॅम, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, दर्शनी किंमत, सिंह स्पष्ट, मागे एक चरा.' स्टीलचा रुपया मुळात ४.८५ ग्रॅमचा, म्हणजे हा थोडासा झिजलाय हे वजनच सांगतं.

दर्जासाठी बाजारात इंग्रजी अक्षरं चालतात: 'व्हीएफ' म्हणजे झिजलेलं पण सगळं वाचता येणारं, 'एक्सएफ' म्हणजे किंचितच वापरलेलं, 'यूएनसी' म्हणजे कधी खर्चच न झालेलं. विकणारा आपलं नाणं नेहमी एक पायरी वर सांगतो आणि घेणारा एक पायरी खाली. तुम्ही वहीत खरं लिहा.

आता विकत घ्या, जपून

पहिले दोन संच बऱ्यापैकी भरले की खरेदीला हरकत नाही. त्यात एक छान लहान विषय घेता येईल: महाराष्ट्रातल्या माणसांची चलनी नाणी. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये आणि त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. येवल्यात जन्मलेले तात्या टोपे दहाच्या संचात तुमच्याकडे आलेलेच असतील. वापरलेल्या स्थितीत ही नाणी दुकानात थोड्याच पैशांत मिळतात.

शहरोशहरी नाणे-प्रदर्शनं भरतात, तिथे मोठ्यांबरोबर जा. पहिल्या फेरीत फक्त भाव विचारायचे. एकाच नाण्याचे तीन टेबलांवर तीन भाव ऐकू येतील. दुसऱ्या फेरीत घ्यायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात फिरायला मजा येते, पण तिथली 'पुरातन' नाणी गेल्या महिन्यात ओतलेली असू शकतात. ओतीव नाणं ओळखायच्या तीन खुणा: भिंगाखाली पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल, आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ. शिवाय वजन चुकतंच. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून तो सर्वांत जास्त खोटा बनतो. कुणी पाचशे रुपयांत देऊ लागला तर हसून नको म्हणा.

ऑनलाइन भाव बघताना मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांत गल्लत करू नका. वैष्णोदेवीच्या नाण्याला कुणी दहा लाख मागितले म्हणून ते दहा लाखांचं होत नाही. टांकसाळीतून ते मोठ्या संख्येने निघालं आहे.

आता फसवणुकीबद्दल, आणि हे आईबाबांनीही वाचावं. पहिला प्रकार: 'तुमचं जुनं नाणं आम्ही पाच लाखांना घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा.' मग कर, मग कमिशन, मग रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती असं शुल्क कधीच मागत नाही. विकणाऱ्यानेच पैसे भरायचे, हा व्यवहार मुळात उलटा आहे.

दुसरा प्रकार: राम दरबार, हनुमान किंवा ॐ असलेलं, 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' लिहिलेलं तांब्याचं जाड नाणं. कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नाही. ही देवळाबाहेर विकली जाणारी अलीकडची बनावट. तरीही ते 'तांदूळ ओढतं', त्यात शक्ती आहे असं सांगून लोकांना लाखोंना लुटलेलं आहे. घरी असेल तर पूजेत राहू द्या, संग्रहाच्या वहीत नको.

शिवराईचं काय?

मराठी मुलगा किंवा मुलगी नाणी जमवायला लागली की सहा महिन्यांत हा प्रश्न येतोच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', असं हे तांब्याचं नाणं. मिळतं का? मिळतं. शिवराई महाराजांनंतरही, पेशवाईतही, फार मोठ्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहिली. म्हणूनच 'महाराजांच्या हातची' असं म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या असतात.

आधी वाचायला शिका. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि हातोड्याचा एक घाव. त्यामुळे एका नाण्यावर सगळी अक्षरं सहसा येतच नाहीत. 'राजा'मधला 'जा' दिसेल, 'शिव'चा अर्धा 'श' कडेबाहेर गेलेला असेल. लिहिणाऱ्या कारागिराप्रमाणे 'शिव'चं 'सीव' होतं, 'पति'चं 'पती'. पाच-सहा शिवरायांचे फोटो छापून घ्या आणि ट्रेसिंग पेपरवर हरवलेली अक्षरं पेन्सिलने पुरी करा. हे जमायला लागलं की एखादी साधी, पण वाचता येणारी शिवराई ओळखीच्या विक्रेत्याकडून पावतीसह घ्या.

त्याआधी खरी नाणी डोळ्याखालून गेलेली बरी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन-संग्रहालय आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय शाळेच्या सहलीत घ्यायला हरकत नाही. संग्रहालयात जाताना वही घेऊन जा. काचेआडून फोटो नीट येत नाहीत, चित्र काढलेलं लक्षात राहतं.

दोन कायदे

शेतात, घराच्या पायात किंवा विहीर उपसताना जमिनीत पुरलेली नाणी सापडली तर ती आपोआप आपली होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. असं नाणं कुणी गुपचूप विकत देऊ केलं तर घेऊ नका.

आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मामाने सुट्टीत येऊन शिवराई किंवा व्हिक्टोरियाचा रुपया भाच्याकडून भेट म्हणून नेला, असं करू नका. त्याला दशमान पैशांचा संच द्या, नया पैशापासून गेंड्यापर्यंतचा. तो बॅगेत टाकून बिनधास्त नेता येतो, आणि बदल्यात तिकडची क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी मागून घ्या. १९९९ ते २००८ या काळात पन्नासही राज्यांची वेगवेगळी निघालेली आहेत.